जिभेवरचा शेंदूर

दोन हजार बारा साली मला अठ्ठावन्न वर्षं पुरी झाली होती, आणि त्या सालाइतका शेंदूर मी जन्मात विकला नव्हता.

हे सांगितलं की माणसं माझ्याकडं बघत राहतात. पाऊस नाही, जनावरं छावणीत, विहिरींचे तळ उघडे, आणि शेंदूर विकला जातो? जातो. पाऊस लांबला की गावाला आधी देव आठवतो. मारुतीचा लेप नवा करायचा, म्हसोबाला तेल-शेंदूर चढवायचा. शिवेवरच्या ज्या दगडाकडं चांगल्या सालात कुणी ढुंकून बघत नाही, त्याच्यावरसुद्धा हात भरून शेंदूर थापायचा. बहात्तरच्या दुष्काळातही हेच पाहिलं. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. घरचे सगळे खडी फोडायला गेले आणि मी डोक्यावर शेंदराचा डबा घेऊन गावं फिरायला लागलो. मुकादमानं हाक मारायची आणि आपण उठायचं, हे मला जमणारं नव्हतं. चौथीतून शाळा सुटली तीही त्याच कारणानं.

म्हणजे मला धंद्यात आणलं ते दुष्काळानं, आणि बसवलं तेही दुष्काळानंच. मधल्या काळात शहर वाढलं. चिकलठाण्याच्या पुढं आम्ही घर बांधलं तेव्हा भोवती ज्वारी होती. नंतर चारी बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या आणि आमचं घर खड्ड्यात गेल्यासारखं दिसायला लागलं. शेंद्र्याला कंपन्या आल्या, करमाडपर्यंत रस्त्याकडेची शेतं प्लॉट झाली. प्रत्येक नव्या चौकात एक मारुती. प्रत्येक नव्या ट्रकच्या, नव्या मशिनीच्या तोंडावर शेंदराचं बोट. दोन हजार बारा साली तर पाण्याचे टँकर इतके झाले, की नवा टँकर रस्त्यावर आणायच्या आधी मालक माझ्याकडं यायचा. लोक चिडवायचे, “मामा, दुष्काळ पावला दोघांनाच. टँकरवाल्याला आन्‌ तुम्हाला.”

मला त्याचा राग यायचा नाही. उलट अभिमान वाटायचा, कारण लोक माझ्याकडं येत होते ते माझ्या मालासाठी. पाचोडच्या आठवडी बाजारात, पत्र्याच्या शेडच्या टोकाला माझी जागा. तशी हळद, कुंकू, बुक्का, कापूर, वाती सगळं असायचं माझ्याकडं, पण माणूस यायचा तो शेंदरासाठी. शेंदूर घ्यावा तर शेडच्या टोकाच्या मामाकडून, असं पैठण तालुक्यातली म्हातारी माणसं म्हणायची.

खरा शेंदूर ओळखायची आमची रीत होती. चिमूटभर जिभेवर घ्यायचा आणि पुढच्या दातात धरायचा. विटेची भुकटी मिसळलेली असली तर कचकच होते. अस्सल शेंदूर लोण्यासारखा जातो. त्याला ना चव ना आवाज, नुसता जडपणा. मी हे गिऱ्हाइकासमोर करून दाखवायचो. दर बाजाराला, कुणी नवं माणूस आलं की. आणि घेतलेला शेंदूर थुंकायचा नाही. जी वस्तू मारुतीच्या अंगावर जायची, ती मातीत थुंकणार कशी? मी गिळायचो. वरून लोट्यातलं पाणी प्यायचो. गिऱ्हाईक खूश व्हायचं. म्हणायचं, ह्याला म्हणतात इमान.

माझ्या शेजारी एक जण बसायचा. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, अंगानं पैलवान गडी. त्याचा शेंदूर म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी, विटेचा चुरा आणि बाजारचा रंग. भाव माझ्या निम्म्यानं. त्याला मी तोंडावर बेइमान म्हणायचो आणि तो हसायचा.

“मामा, देवाला काय कळतंय?” तो म्हणायचा. “दगड आन्‌ वीट, दोघं एकाच जातीचे.”

“पावसाचं पाणी लागलं की तुझा मारुती पांढरा पडतो,” मी म्हणायचो.

“पाऊस येऊ तर द्या आधी.”

आमचं असं चालायचं. भांडण नव्हतं, पण मी त्याच्या हातचा चहा घ्यायचो नाही.

माल मी शहरात गुलमंडीजवळच्या एका ठोक दुकानातून आणायचो. घरी आणला की त्यात खडे असायचे. बायको ते खलबत्त्यात कुटायची आणि मलमलीच्या फडक्यातून चाळायची. धुरळा उडायचा म्हणून नाकाला पदर बांधायची. तिच्यासारखा वस्त्रगाळ शेंदूर बाजारात दुसऱ्या कुणाचा नव्हता. आमच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत हे काम चालायचं आणि तिथंच आम्ही जेवायचो. फरशीच्या सांध्यात, खाटेच्या दोरीत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर कायम शेंदरी झाक. मला ते शुभ वाटायचं.

त्या सालात पाणी मात्र नव्हतं. टँकर कधी यायचा, कधी शेजारच्या इमारतीवाल्यांनी ड्रायव्हरला आधीच वळवून घेतलेला असायचा. पिण्याचं पाणी हंड्यात झाकून ठेवायचं, आणि अंघोळ म्हणजे ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. मी बाजारातून आलो की हात झटकायचो, धोतराला पुसायचो आणि भाकरीला बसायचो. बायकोही चाळणी बाजूला ठेवून तशीच भाकरी थापायला बसायची. पुढं दवाखान्यात मला विचारलं गेलं, जेवायच्या आधी हात धुता का? मी म्हणालो, तुम्ही पाणी द्या, मी धुतो.

त्याच सालात आम्हा दोघांची पोटं दुखायला लागली. साधं दुखणं नव्हे. आतून कुणी पिळा घातल्यासारखी कळ यायची, कपाळावर घाम फुटायचा आणि शौचाला तर दिवस-दिवस व्हायचं नाही. मी म्हणालो, टँकरचं पाणी. बायको म्हणाली, टँकरचं पाणी. सगळी गल्ली तेच म्हणत होती, कारण त्या पाण्याला खरंच वास होता आणि लोक खरंच आजारी पडत होते. मेडिकलवाला गोळ्या द्यायचा, त्या आम्ही दोघं वाटून घ्यायचो. बायकोचा चेहरा पांढरा पडत चालला होता. मुलगा म्हणायचा, “आईला दाखवा कुठंतरी.” मी म्हणायचो, पाऊस पडला की पाणी सुधारेल.

मग हात गेला.

बाजाराचा दिवस होता. एका गावची पाच-सहा माणसं आली होती. त्यांना मारुतीच्या लेपासाठी बराच माल पाहिजे होता. मी शेंदूर नेहमी हाताच्या तराजूनं तोलायचो. शेजाऱ्यानं वजनाचं मशीन घेतलं होतं, मी घेतलं नाही. दांडी उजव्या हातात धरायची, हात छातीपर्यंत उचलायचा, काटा सरळ झाला की गिऱ्हाइकाच्या डोळ्याकडं बघायचं. त्याशिवाय सौदा केल्यासारखा वाटत नाही. त्या दिवशी मी पारडं भरलं, दांडी उचलली आणि मनगट खाली लोंबलं. दुखलं नाही, मुंग्या नाहीत, काही नाही. हात कोपरापर्यंत माझा होता आणि पुढं पंजा ओल्या फडक्यासारखा. पारडी आपटली, शेंदूर मातीत सांडला.

त्यांच्यातलं एक म्हातारं खाली वाकून सांडलेल्या शेंदराला हात लावून कपाळाला लावायला लागलं. दुसरा हळूच म्हणाला, “मारुतीचा माल हातातून पडला. बरं नाय हे.”

शेजारी उठून आला. त्यानं तराजू उचलला, माझा हात धरून बघितला. “मामा, अंगावरनं वारं गेलं का काय? हाताला सांगा वर व्हायला.”

“सांगतोय,” मी म्हणालो.

ती माणसं त्या दिवशी माल न घेताच गेली.

पुढचे काही आठवडे मी हे केलं, ते केलं. तेल लावून घेतलं, करमाडच्या एका माणसाकडून हात चोळून घेतला, मानेची नस दबली म्हणून पट्टा घातला. बाजार मात्र चुकवला नाही. डाव्या हातानं चमच्यानं माल काढायचो आणि उजवा हात पिशवीखाली लपवून बसायचो. दाखवायला चाखणं चालूच होतं. उलट मी जास्त चाखायला लागलो, कारण लोकांच्या मनात शंका आली होती आणि मला ती काढायची होती.

शेवटी मुलानं सुट्टी काढली आणि मला सरकारी दवाखान्यात नेलं. मुलगा शेंद्र्याच्या एका कंपनीत कंत्राटावर होता. त्याला सुट्टी म्हणजे खाडा. म्हणून मी गप गेलो.

तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. हात वरखाली करून बघितला, बोटं ताणायला सांगितली, मग विचारलं, “बाबा, काम काय करता?”

“व्यापार.”

“कशाचा?”

“पूजेच्या सामानाचा. हळद, कुंकू, बुक्का, शेंदूर.”

शेवटच्या शब्दाला त्यांनी वर बघितलं. “तोंड उघडा.”

“हात लुळा पडलाय बाई, तोंड नाही.”

“ते कळतंय मला. उघडा तरी.”

त्यांनी बॅटरीचा उजेड टाकला, बोटानं ओठ खाली ओढला आणि बराच वेळ माझ्या हिरड्या बघत राहिल्या. मग त्यांनी शिकाऊ डॉक्टर पोरापोरींना हाक मारली. “या, बघून घ्या. हे आता सहसा बघायला मिळत नाही.” एकेक पोर पुढं आलं आणि माझ्या तोंडात डोकावून गेलं. माझ्या हिरडीवर दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती म्हणे. माझी रेघ बघायला रांग लागली. बाजारात चाळीस वर्षं लोक माझा माल बघायला यायचे, इथं मला बघत होते. मी तोंड मिटलं. म्हणालो, “झालं असेल तर सांगा काय आहे ते.”

“शेंदूर तोंडात जातो का तुमच्या?”

“जातो म्हणजे काय? मी ठेवतो.”

मी त्यांना रीत सांगितली. त्यांनी हातातला पेन टेबलावर ठेवला.

“बाबा, शेंदूर म्हणजे शिसं. गाडीच्या बॅटरीत असतं, तेच. भाजलं की लाल होतं. ते पोटात गेलं की बाहेर पडत नाही लवकर, हाडात जाऊन बसतं. पोटाची कळ त्याचीच, हात त्याच्यामुळंच पडलाय.”

“देवाला लावतात ते.”

“देव गिळत नाही, बाबा.”

मुलगा खाली बघत होता. मी विचारलं, “हात येईल का?”

“आजपासून सोडलंत तर येईल हळूहळू. पूर्ण येईल असं मी सांगत नाही. नाही सोडलं तर दुसराही जाईल. रक्त घेते, ते बाहेर तपासायला पाठवावं लागेल.” मग त्यांनी विचारलं, “घरात आणखी कोण हाताळतं?”

“मालकीण चाळते.”

“त्यांचं पोट दुखतं?”

मुलगा म्हणाला, “दुखतं.”

“त्यांना घेऊन या. लवकर.”

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, “आबा, आमच्या कंपनीत एका शेडला शिशाचं काम आहे. तिथल्या पोरांना तोंडाला बांधायला मास्क देतात, सहा महिन्याला रक्त तपासतात. खोलीत पाणी प्यायचीसुद्धा परवानगी नाही.”

“मग आम्हाला का नाही कुणी सांगितलं?”

“तुम्हाला कोण सांगणार? तुमचा साहेब कोण?”

त्यानं वाईट भावनेनं विचारलं नव्हतं. पण मी आयुष्यभर ज्या गोष्टीचा तोरा मिरवला, तीच त्यानं माझ्यापुढं ठेवली. साहेब नको म्हणूनच मी शेंदराचा डबा डोक्यावर घेतला होता. बाजारात जागेची पावती फाडायला ठेकेदार येतो, वजनं तपासायला माणूस येतो, चंदा मागायला तर सगळेच येतात. माझ्या पुढ्यात काय ठेवलंय आणि त्यानं माझं काय होतंय, हे बघायला चाळीस वर्षांत एक माणूस आला नाही.

दवाखान्यातून मी घरी गेलो नाही. मुलाला कामावर पाठवलं आणि तसाच गुलमंडीला गेलो. शेठ गादीवर बसले होते. मी हात पुढं केला आणि पंजा लोंबला तो त्यांना दाखवला. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं.

शेठ दचकले नाहीत. एवढंच मला पुरेसं होतं. ज्याला माहीत नसतं तो दचकतो.

“शेठ, तुम्हाला ठाऊक होतं?”

“अहो मामा, हा लोखंडाला लावायचा रंग आहे. पूल बांधतात, गेट करतात, त्यांना गंज लागू नये म्हणून वरच्या रंगाखाली लावतात. त्यांच्यासाठी येतो, त्यातलाच तुम्ही नेता. खा म्हणून कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“चाखल्याशिवाय लोक खरा मानत नाहीत.”

“मग खोटा विका ना. इकडं बघा.” त्यांनी पेनाच्या टोकानं एक गोणी दाखवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी इतकी वर्षं येतोय, पण शेठचा हात कधी शेंदराच्या पिंपाला लागलेला मी बघितला नाही. ते पेनानंच दाखवायचे. माल काढून द्यायचा तो दुकानातला नोकर, आणि त्याच्या हाताला कायम प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली असायची. मला वाटायचं, रंग लागू नये म्हणून. “हा घेऊन जा. चुन्याची भुकटी आणि रंग. वाटीभर खाल्ला तरी काही होत नाही. तुमच्या शेजारचा तो पैलवान हाच नेतो.”

“मी तो विकत नाही.”

“मग हात लुळा ठेवा. मर्जी तुमची. पण बाजारात बोलू नका हे. देवाच्या वस्तूला नावं ठेवलेली लोकांना आवडत नाहीत, आणि त्यात तुमचं-माझं दोघांचंही भलं नाही.”

उरलेला माल परत घ्याल का, असं विचारलं. एकदा उघडलेलं पिंप परत येत नाही, म्हणाले.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती चाळतच होती. पुढच्या बाजाराचा माल. तिनं पदर नाकावरून खाली केला आणि म्हणाली, “इतकी वर्षं मी हात घालते ह्यात. मला व्हायला पाहिजे होतं आधी.”

“डॉक्टरीण तुला घेऊन ये म्हणाली.”

“मला काय झालंय? माझं पोट पाण्यानं दुखतं.” आणि पुन्हा पदर बांधला. “तुम्ही चाखता म्हणून तुम्हाला झालं. मी कुठं चाखते?”

मला तेच ऐकायचं होतं. मी हो म्हणालो.

पुढच्या बाजाराला मी गेलो. शेठचा चुन्याचा माल घेऊन नव्हे, माझाच घेऊन. मी ठरवलं होतं की माल खरा विकायचा आणि गोष्टही खरी सांगायची. लावा, पण खाऊ नका. पोराच्या कपाळाला लावलेलं बोट पोराच्या तोंडात जाऊ देऊ नका. हात धुवा. ज्यानं चाळीस वर्षं खोटं विकलं नाही त्याचं लोक ऐकतील, असं मला वाटलं.

एक गिऱ्हाईक म्हणालं, “मामा, चाखून दाखवा की.”

“चाखायचा नाही. विष आहे ते.”

“आँ?”

मी दवाखान्यातलं सांगितलं. भोवती माणसं जमली. एका गावचा पुजारी होता, तो मला इतक्या वर्षांपासून ओळखत होता. तो म्हणाला, “म्हणजे आम्ही मारुतीला विष लावतो म्हणता?”

“मारुतीला नाही होत काही. तुम्हाला होतं.”

“आमच्या हाताला तर काय झालं नाय.”

“तुम्ही वर्षातनं दोनदा लावता. मी रोज असतो ह्यात.”

“मग तुमचंच काहीतरी चुकलं असंल, मामा,” एक बाई मागून म्हणाली. “देवाच्या वस्तूनं कुणाचं वाईट होत नाय. शिवताशिवत झाली असंल.” आणि ती शेजाऱ्याकडं सरकली. तिच्यामागं बाकीचे सरकले.

शेजाऱ्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, स्वतःच्या ढिगातला चिमूटभर माल उचलून जिभेवर ठेवला आणि दातात धरला. कचकच मला माझ्या जागेवर ऐकू आली. लोकांना नाही आली, किंवा त्यांना ती काय असते ते ठाऊक नव्हतं.

“बघा,” तो लोकांना म्हणाला, “मी खातो.”

दुपारी बाजार उलगताना तो माझ्याजवळ येऊन बसला. ह्या वेळी मी त्याचा चहा घेतला, कारण डाव्या हाताला दुसरं काही काम नव्हतं.

“मामा, तुमचा हात इमानानं गेला बघा,” तो म्हणाला. “मी बेइमान म्हणून हट्टाकट्टा.”

“हो.”

“राग नका मानू. पण उरलेलं पिंप मला द्या. माझ्यात थोडं थोडं मिसळीन. वजन चांगलं येतं त्यानं.”

“देणार नाही.”

“फेकून देणार का मग?”

“ते माझं मी बघीन.”

तेवढ्यात बाजाराचा ठेकेदार आला. त्यानं आधीच ऐकलं होतं. “मामा, तुमच्या जागेवर भांडणं व्हायला लागली तर मला परवडत नाही. तुम्हाला झेपत नसंल तर सांगा, हा मागतोय जागा. पुढच्या बाजाराला तुम्ही बसलात तर तुमची. नाही आलात तर ह्याला देतो, मग पुन्हा तक्रार नाय करायची.”

“मी येणार,” मी म्हणालो. “ह्या जागेवरनं मला फक्त चौघं उचलतील.”

शेजारी चहाचा कप घेऊन उठला. हसला नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. मुलगा बोलला, मी ऐकलं नाही. डॉक्टरीणबाईंकडून रक्ताचा निकाल आला, त्यातला आकडा मला समजला नाही, पण मुलाचा चेहरा समजला. तरी मी म्हणालो, जागा सोडणार नाही. शेंदूर नाही तर हळद-कुंकू विकीन, पण बसेन. आणि बायकोला सांगितलं, आहे तेवढा माल चाळून ठेव, कुणी ओळखीचं मागितलं तर देऊ. खरं सांगायचं तर लोक परत येतील आणि मामा बरोबर होते म्हणतील, ह्याची मी वाट बघत होतो. ते काही झालं नाही. अजूनही झालेलं नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी, दुपार कलली होती, मी दारात बसलो होतो. आतून चाळणी पडल्याचा आवाज आला. बायको भिंतीला टेकून पोट दाबून बसली होती. कळ ओसरेपर्यंत मी तिचा खांदा धरून बसलो. ती जरा सावरली, तेव्हा मी म्हणालो, “उजेडात चल.”

“कशाला?”

“चल म्हणतो ना.”

तिला उंबऱ्यात आणून बसवलं. “तोंड उघड.”

“ह्या वयात काय थट्टा लावली तुम्ही?”

“उघड.”

तिच्या हिरड्या काळ्या होत्या. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मिश्री लावते, तिच्या वयाच्या निम्म्या बायका लावतात. “मिश्रीचं आहे ते,” ती म्हणाली. पिण्याच्या हंड्यातून मी तांब्याभर पाणी घेतलं. त्या दिवसांत चूळ भरायला कुणी पिण्याचं पाणी देत नव्हतं. ती म्हणाली, “पाणी नासू नका.” मी म्हणालो, “भर.” तिनं चूळ भरली, बोटानं हिरड्या घासल्या, पुन्हा चूळ भरली. काळं निघून गेलं. दातांच्या मुळाशी रेघ तशीच राहिली, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. माझ्या तोंडात पोरं डोकावून बघत होती ती काय होती, हे मला तेव्हा दिसलं. स्वतःची तर मी बघितलीच नव्हती.

“काय दिसलं?” तिनं विचारलं.

“माझ्यासारखीच आहे.”

ती उंबऱ्यावर तशीच बसली. पदर हातात घेऊन म्हणाली, “पण मी तर नाकाला पदर बांधत होते.”

मी आत गेलो, चाळलेला सगळा माल डाव्या हातानं पिंपात परत ओतला, झाकण दाबलं आणि त्यावर ओलं फडकं टाकून दोरीनं बांधलं. ते पिंप अजून माझ्या घराच्या मागं आहे, झाकणावर सिमेंट लावून. विकायला मन होत नाही, फेकायला जागा नाही. महापालिकेच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, कचऱ्याच्या गाडीत टाका. मी नाही टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी अंधार असतानाच उठलो, सवयच ती. हळद-कुंकवाची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. मी ती खाटेखाली सारली. बायकोला उठवलं, तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, आणि आम्ही सिटी बसनं सरकारी दवाखान्यात गेलो. केसपेपरची खिडकी उघडली नव्हती, तरी रांग रस्त्यापर्यंत आली होती. तिला भिंतीच्या सावलीला बसवलं आणि मी रांगेत उभा राहिलो. पाचोडची गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा मी खिडकीपासून लांबच होतो. कागदावर काय लिहायचं ते खिडकीतल्या माणसाला नीट सांगता यावं म्हणून मी मनात जुळवत होतो, की आज दाखवायला ती आली आहे, मी नाही, आणि काम तीही तेच करत होती.